बारा मिनिटांची मुदत

मिरजेच्या एका रुग्णालयातल्या सर्व्हरच्या खोलीत पद्मजा मगदूम गेले नऊ दिवस एक भांडण सोडवत बसली होती. भांडण दोन यंत्रांचं होतं. रुग्णाच्या कानामागचं यंत्र म्हणत होतं, मी हाक मारली, पण सर्व्हरनं ओ दिली नाही. सर्व्हर म्हणत होता, मी वाट पाहत होतो, हेच न सांगता निघून गेलं. दोघांचे लॉग शेजारी शेजारी ठेवले की दोघंही खरं बोलतायत असं वाटायचं. माणसांच्या भांडणात असं झालं की पंच कंटाळून चहा मागवतात. पद्मजाचा आजचा चौथा चहा होता.

तेवढ्यात फोन वाजला. समडोळीहून आण्णा, म्हणजे तिचे वडील. सकाळपासूनचा हा तिसरा फोन.

"पद्मा, दूधवाला आज उशिरा आला. म्हैस आटली म्हणतोय. मला काय पटत नाही. तिकडं शेवग्याला शेंगा लागल्यात बघ, हाताएवढ्या. आणि हवामानवाल्यानं सांगितलंय, परवा वारं सुटणार. बांधावरचं ते मोडकं कुंपण आहे ना..."

पद्मजानं फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. अधूनमधून "हं" म्हटलं की काम भागतं, हे तिला ठाऊक होतं. पूर्वीचे आण्णा असे नव्हते. भूमापन खात्यात पस्तीस वर्षं जमिनी मोजताना त्यांनी जेमतेम मोजमापापुरतं तोंड उघडलं असेल. चार वर्षांपूर्वी झटका आला, त्यात होतं तेवढं बोलणंही गेलं. मग कानामागं यंत्र बसलं, आणि गेल्या दोनेक वर्षांत माणूस असा काही बडबडायला लागला की शेजारीपाजारी चेष्टा करायचे. पद्मजाला मात्र त्या बडबडीचा राग यायचा, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, त्या दिवशी आण्णा तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. ती मिरजेहून धावत पळत पोचली, त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि त्यांनी तोंड फिरवलं. आईसाठी एक शब्द नाही आणि दूधवाल्याच्या म्हशीसाठी अर्धा तास, हे तिला अजून गिळता आलेलं नव्हतं.

"आण्णा, कामात आहे," असं म्हणून तिनं फोन बंद केला.

हे कानामागचं यंत्र म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला बसला तर काही माणसांचं असं होतं, की काय बोलायचंय ते नीट माहीत असतं, जीभ आणि ओठ शाबूत असतात, पण शब्दच सापडत नाही. मात्र तोच शब्द कुणी कानात सांगितला तर त्यांना तो म्हणता येतो. या एका गोष्टीवर सगळी योजना उभी होती. कवटीच्या आत बसवलेली तारांची बारीक जाळी माणसाला काय म्हणायचंय याचा अंदाज घ्यायची. कानामागचं यंत्र तो अंदाज सर्व्हरकडे पाठवायचं. सर्व्हर त्या माणसाच्या रोजच्या बोलण्यावरून नेमका शब्द शोधून परत पाठवायचा, यंत्र तो हाडातून आत कुजबुजायचं आणि माणूस तो उच्चारायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायचं. शिंपल्याच्या आकाराचं ते यंत्र, सगळे त्याला शिंपीच म्हणत, नुसतं टोक होतं, डोकं सगळं मिरजेच्या खोलीत होतं.

अडचण एकच होती. मेंदूचे संदेश रोज थोडे बदलतात, म्हणून सकाळी शिंपी लावली की सर्व्हरशी जुळणी करावी लागायची. शांत खोलीत बसून पाऊण तास ठरलेले शब्द घोकायचे: घर, पाणी, हात, उद्या. जुळणी झाली की सेशन सुरू व्हायचं आणि दिवसभर टिकायचं. मध्येच तुटलं तर परत पाऊण तास. आणि तुटलेलं कळायचं तरी कधी, तर माणूस बोलायला जायचा आणि आत काहीच नसायचं तेव्हा. रुग्णांनी त्याला साधं नाव दिलं होतं. ते म्हणायचे, "लाईन गेली."

चारशे साठ रुग्णांपैकी एकतीस जणांची लाईन सारखी जात होती. यंत्रं मोजकी होती आणि वाट पाहणारे पुष्कळ. शुक्रवारी समितीची बैठक होती. ज्यांना यंत्र मानवत नाही त्यांच्याकडून ते काढून दुसऱ्याला द्यावं, असा प्रस्ताव होता. विभागप्रमुख डॉ. सबनीस माणूस सरळ होता, पण त्यांच्यापुढेही दुसरी वाट नव्हती. "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक," ते पद्मजाला म्हणाले होते. "नाहीतर मला सही करावी लागेल."

आज मंगळवार होता. पद्मजानं टॉवर तपासले, हवामान तपासलं, सर्व्हरवरचा भार तपासला, शिंप्यांच्या बॅटऱ्या तपासल्या. दुसऱ्यांनी केलेलं एकूण एक काम तिनं संशयानं उलटून पालटून पाहिलं. संध्याकाळी यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं एक तोडगा पाठवला. शिंपीनं दर मिनिटाला सर्व्हरला नुसतं "आहे" म्हणून कळवायचं, म्हणजे सेशन जागं राहील. कारण काही असो, हे चाललं असतं. तोडगा आधी कुणावर तरी करून पाहायला हवा होता. एकतीसांच्या यादीत पहिलं नाव मकबूल शिकलगार यांचं होतं.

*

बुधवारी सकाळी ती तिथं गेली. मकबूलचाचांचं दुकान तंबोऱ्यांचं. भिंतीला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि मधे सत्तरीचा एक बारीक माणूस मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसलेला. त्यांच्या बायकोनं, रशिदाचाचींनी, पद्मजाला स्टूल पुसून दिलं.

"बसा की. कालपण दोनदा लाईन गेली ह्यांची. गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि हे नुसतं बघत राहिलेत त्याच्याकडं. धारवाडचं होतं गिऱ्हाईक. उठून गेलं ते."

"चाचा, आज बघूया जमतंय का," पद्मजा म्हणाली.

मकबूलचाचा थांबत थांबत, पण स्वच्छ बोलले. "बघा, मॅडम. हात चालतोय. कान चालतोय. फक्त, ही, जाते येते."

पद्मजानं लॅपटॉपवरून नवा तोडगा त्यांच्या शिंपीत घातला. चाचांनी घोडी हातात घेतली. तारा जिच्यावरून जातात ती ही पट्टी. तिचा माथा घासून असा उतार द्यायचा की तार तिला लागते न लागते अशी राहावी, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत ती जागा शोधायची जिथं आवाज फुलतो. याला जवारी काढणं म्हणतात. या कामाला डोळे फारसे लागत नाहीत, सगळा खेळ कानाचा.

पाच मिनिटांत चाचांनी हात थांबवला. दोरा सरकवला, तार छेडली, पुन्हा थांबले. मग शिंपीवर बोट ठेवून म्हणाले, "आत, कोण, टिचकी मारतंय?"

पद्मजाच्या लक्षात आलं. "आहे" असं कळवायला शिंपीला कुजबुजीची वाट उघडावी लागत होती, आणि उघडताना हाडात बारीकसा टिक आवाज होत असणार. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की तो कुणालाही ऐकू येणार नाही. कंपनीनं तंबोरा करणाऱ्याला विचारलेलं नव्हतं.

"दर मिनिटाला एकदा होईल, चाचा. होईल सवय?"

त्यांनी आणखी दहा मिनिटं प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी तंबोरा बाजूला ठेवला आणि शिंपी काढून पद्मजाच्या हातावर ठेवली. शिंपी काढल्यावर त्यांना बोलता येईना. ते हातानंच सांगत होते: घेऊन जा.

रशिदाचाचींचा चेहरा उतरला. "असं कसं म्हणता हो तुम्ही?" त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि मग पद्मजाकडे वळल्या. "दीड वर्ष मुका होता हा माणूस. शिंपी लागली त्या दिवशी पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, कधी नावानं बोलावलं नव्हतं. मी कशी देऊ ती परत? आणि कामपण कसं सोडा म्हणू? कामाशिवाय हे जगायचे नाहीत. तुम्हीच सांगा काय करू."

पद्मजानं तोडगा काढून टाकला, शिंपी पूर्वीसारखी केली, पुन्हा जुळणी करून घेतली आणि म्हणाली, "मी इथंच बसते. लाईन जाताना मला बघायचीय."

चाचा कामाला लागले. कानस फिरत होती, दोरा सरकत होता, तार वाजत होती. चाची भोपळ्यावरची धूळ पुसत होत्या. पद्मजानं त्यांना काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "जवारी काढताना ह्यांना बोललेलं चालत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हेही बोलत नाहीत. पहिल्यापासून असंच."

पद्मजानं लॅपटॉपकडे पाहिलं. चाचांनी शेवटचा शब्द उच्चारून नऊ मिनिटं झाली होती. दहा. अकरा. सेशन जिवंत दिसत होतं, दोन्ही बाजूंना. तेराव्या मिनिटाला चाचांनी मान वर केली, हसले, तार छेडून दाखवली आणि काहीतरी सांगायला गेले. ओठ उघडे राहिले. शब्द आला नाही.

शिंपी म्हणत होती मी हाक मारली. सर्व्हर म्हणत होता मी वाट पाहतोय. दोघंही खरं बोलत होते, कारण हाक मधेच कुठंतरी अडत होती. गप्प बसणाऱ्यांची लाईन जात होती, बारा मिनिटांनंतर. बारा हा आकडा पद्मजाच्या चांगला ओळखीचा होता.

*

शिंप्या आणि सर्व्हर यांच्या मधे रुग्णालयाचं एक फाटक होतं. माणसांचं नव्हे, माहितीचं. आत येणारी प्रत्येक लाईन ते आपल्या वहीत लिहून ठेवायचं, आणि वहीत नाव असेल त्यालाच आत सोडायचं. बराच वेळ ये-जा झाली नाही की ते नाव खोडून टाकायचं, कारण विसरून उघड्या राहिलेल्या लाईनींतून चोर शिरतात. नाव खोडल्याचं ते कुणालाही कळवायचं नाही. वॉचमननं निमूटपणे यादीतून नाव काढावं आणि घरच्या माणसाला दारात ओळखू नये, तसला प्रकार.

हे फाटक पद्मजानं उभं केलं होतं, पाच वर्षांपूर्वी. नऊ दिवसांत तिनं सगळं तपासलं, फक्त ते सोडून. आपल्या हातचं काम आपण कशाला तपासतो?

बुधवारी दुपारी तिनं जुने कागद काढले. बारा मिनिटं कुठून आली तेही सापडलं. चाचणीच्या वेळी वीस रुग्ण वॉर्डात बसवले होते आणि समोर प्रश्न विचारणाऱ्या मुली. रुग्णांना बोलतं करणं हेच त्या मुलींचं काम. त्या वीस जणांत जागेपणीची सर्वात लांब शांतता भरली होती नऊ मिनिटं चाळीस सेकंद. पद्मजानं त्यावर थोडी भर घालून बारा लिहिलं होतं आणि समासात टीप: "जागा माणूस याहून जास्त वेळ गप्प बसत नाही." सही तिचीच. तिला स्वतःच्या अक्षराची लाज वाटली. समडोळीला बांधावर तास तास न बोलता बसणाऱ्या माणसाची ती मुलगी, आणि तिनं हे लिहिलं होतं.

तिनं एकतीस जणांची यादी नव्यानं वाचली. कृष्णेत गळ टाकून बसणारा एक भोई. मौन पाळणाऱ्या एक जैन बाई. बुद्धिबळ खेळणारे एक निवृत्त मास्तर. घड्याळं दुरुस्त करणारा एक. यंत्र न मानवणारी म्हणून ज्यांची नावं काढली होती, ती सगळी शांत माणसं होती.

मग एक विचार मनात आला आणि तिनं उलटी यादी मागवली: कुणाची लाईन कधीच जात नाही? सर्व्हरवर शब्द साठवले जात नसत, फक्त कोण कधी बोललं त्या वेळा असत. यादीत सर्वात वर नाव होतं जिनगोंडा मगदूम, समडोळी. जवळजवळ दोन वर्षांत एकदाही नाही. पद्मजा त्या वेळा वाचत गेली. नऊ वाजून चार. नऊ चौदा. नऊ पंचवीस. नऊ पस्तीस. सकाळपासून रात्री शिंपी काढेपर्यंत, रोज, दोन वर्षं. दहा मिनिटं, फार तर अकरा, झाली की बोलणं. अशी बडबड कुणी करत नाही. हा घड्याळ लावलेला माणूस होता. समोर कुणी नसेल तेव्हा ते कुणाशी बोलत असतील, शेवग्याशी? भिंतीशी? आणि दिवसातून चारदा तिला फोन करत होते, आणि ती "हं" म्हणत होती.

त्याआधी लाईन काही वेळा गेली होती, त्यातली एक दोन वर्षांपूर्वीच्या सव्वीस जुलैला. आई गेली तो दिवस. बाराला पाच कमी असताना आण्णा शेवटचं काहीतरी बोलले होते. आईशीच असणार. मग काही नाही. पद्मजा दोन वाजता पोचली होती. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकही वेळ नोंदलेली नव्हती. घरात प्रेत असताना आणि माणसांची रीघ लागलेली असताना कोण खोलीत बसून पाऊण तास घर, पाणी, हात घोकणार? त्यांनी तोंड फिरवलं होतं, कारण तोंडात काही येत नव्हतं.

पद्मजानं लॅपटॉप मिटला आणि खुर्चीत बसून रडली. सर्व्हरच्या खोलीत पंख्यांचा आवाज एवढा असतो की बाहेर ऐकू जात नाही.

*

आता खरं तर काम दोन मिनिटांचं होतं. बाराच्या जागी दोनशे चाळीस लिहायचं, म्हणजे चार तास. चोरांपासून फाटक इतर कुलपांनी सांभाळता येत होतं. समितीला सांगायचं, दोष सापडला, दूर केला. कुणाचा होता हे कुणी विचारलं नसतं. समासात टीप असलेला तो कागद तिच्याशिवाय कुणी पाहिलेला नव्हता, आणि तिची बढती पुढच्या महिन्यावर आली होती. हे तिच्या मनात आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. बुधवारची अख्खी संध्याकाळ ते तिच्या मनात होतं.

पण राज्यातल्या दुसऱ्या आठ केंद्रांनी आपापली फाटकं उभी करताना मिरजेची नक्कल घेतली होती, आकड्यासकट. तिथंही अशा याद्या असणार, आणि यंत्रं काढून घेणंही चालू असणार. गुपचूप दुरुस्ती केली असती तर मिरजेचे एकतीस सुटले असते आणि बाकीचे तसेच मुके झाले असते.

गुरुवारी सकाळी तिनं डॉ. सबनीसांपुढे कागद ठेवला, समासातल्या टिपेसकट. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मकबूलचा प्रश्न सुटला?"

"हो. टिचकी न मारता. काल संध्याकाळी फाटक बदललं, नंतर त्यांनी पावणेदोन तास काम केलं. लाईन टिकली."

"आणि हे तुम्ही आठही केंद्रांना पाठवणार. तुमच्या सहीनं."

"पाठवलंय, सर. तुम्ही थांबवाल म्हणून आधीच पाठवलं."

"मी थांबवलं असतं," सबनीस म्हणाले. "तुमच्या भल्यासाठीच. चौकशी होईल, बढतीचं मी काही सांगू शकत नाही." मग त्यांनी शुक्रवारच्या प्रस्तावावर आडवी रेघ मारली.

*

शुक्रवारी दुपारी पद्मजा समडोळीला गेली. आण्णा हळदीच्या रानाच्या बांधावर बसले होते. ती दिसली तसे सुरू झाले. "आलीस? वारं सुटलं बघ, सांगितलं होतं त्यानं. ते कुंपण पडलं शेवटी. आणि दूधवाला..."

"आण्णा," ती त्यांच्याजवळ बसत म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं? बारा मिनिटांचं?"

ते थांबले. शिंपीपर्यंत हात गेला. "तुझी आई गेल्यावर," ते म्हणाले. "मग मोजून बघितलं. तीन चार वेळा. मोजायची सवय आहेच. बारा भरतात."

"मला का नाही सांगितलं?"

"यंत्र काढून नेतील म्हटलं. माझ्यातच काही बिघाड असंल." त्यांनी घड्याळात पाहिलं. "आणि तू कामात असायचीस."

पद्मजानं सगळं सांगितलं. फाटक, वही, वीस रुग्ण, समासातली टीप. बारा हा आकडा कुणी लिहिला तेही. तिनं काही गाळलं नाही. "आता चार तासांची मुदत आहे," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला बोलत राहायची गरज नाही. गप्प बसलात तरी लाईन जाणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

आण्णांनी मान हलवली. ते रागावतील किंवा तिच्या पाठीवर हात ठेवतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. ते समोर रानाकडे बघत राहिले.

दहा मिनिटं झाली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बारा झाली. पंधरा झाली. पद्मजाचा हात सारखा फोनकडे जात होता, सेशन जिवंत आहे का ते बघायला. तिनं तो मांडीखाली दाबून ठेवला. आण्णांचे खांदे हळूहळू खाली आले. वाऱ्यानं हळदीची पानं उलटीसुलटी होत होती आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते ती नुसती बघत होते. अर्धा तास झाला असेल. ती घाबरली. पुन्हा चुकलं तर, असं तिच्या मनात आलं, पण तिनं त्यांना हाक मारली नाही.

"त्या दिवशी," आण्णा म्हणाले. शब्द आला होता, आणि पाठोपाठ दुसरेही येत होते. "तू दोनला आलीस. सकाळी कामाला निघालीस तशीच. तोंड पार सुकलं होतं तुझं. आई असती तर तुला पहिलं तेच विचारलं असतं. मला म्हणायचं होतं, पद्मा, दोन घास खाऊन घे. तेवढंच. तेवढंसुद्धा आलं नाही बघ."

पद्मजाला हुंदका आवरला नाही. आण्णा तिच्याकडे वळले आणि वाट पाहत बसले. घाई नव्हती त्यांना.

"मी आजपण सकाळची घरातून निघालेय, आण्णा," ती बऱ्याच वेळानं म्हणाली.

"मग ऊठ," ते म्हणाले. "भाकरी आहे घरात. दोन घास खाऊन घे."